गुळगुळीत पानावरचा पांढरा पट्टा

बेळगावजवळ खानापूरच्या बाजूला आमचं गाव. गावच्या वाचनालयात एक जुनं लाकडी कपाट आहे. त्यात दिवाळी अंक आहेत, शाळांच्या स्मरणिका आहेत, कडोली-उचगावसारख्या गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांची कात्रणं आहेत. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या घरी असा कागद सहसा टाकून देत नाहीत, पण दर पावसाळ्यात तो थोडा थोडा सडतोच. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मी तिथं जाऊन बसले आणि एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची १४० पानं मोबाइलवर टिपली. स्मरणिका आर्ट पेपरवर छापलेली, पानापानावर फोटो.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडली तर जवळजवळ प्रत्येक पानावर एक पांढरा पट्टा. कुठं मुख्याध्यापकांचा चेहरा गेलेला, कुठं वर्गातल्या मुलांची अख्खी रांग. माझ्या डोक्यावर पेटलेली ट्यूबलाइट पानापानावर उमटली होती. पट्टा जिथं पडतो तिथं फोटोत पांढऱ्याशिवाय काहीच उरत नाही. नंतर कुठल्याही ॲपनं तो भाग खालून बाहेर काढता येत नाही, कारण खाली काही नोंदलंच गेलेलं नसतं.

मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटलं की फोटो काढताना ते दिसलंच नाही. त्याचं कारण नंतर कळलं. आपण वाचतो तेव्हा दोन डोळ्यांनी वाचतो, आणि डाव्या डोळ्याला चमक जिथं दिसते तिथं ती उजव्याला दिसत नाही. शिवाय मान थोडी इकडं तिकडं हलतेच. मेंदू या सगळ्यातून छपाई तेवढी उचलतो आणि चमक बाजूला टाकतो. मोबाइलला डोळा एकच, आणि तोही त्या क्षणी एका जागी खिळलेला.

हा लेख त्या पट्ट्याबद्दल आहे. तो का पडतो हे एकदा नीट समजलं की काय करायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

पान म्हणजे आरसा

साधा वर्तमानपत्राचा कागद भिंगाखाली खडबडीत दिसतो. त्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, त्यामुळं कुठूनही बघितलं तरी तो सारखाच दिसतो. आर्ट पेपर वेगळा. कागदावर चिनी माती किंवा चुनखडीच्या अगदी बारीक भुकटीचा लेप चढवतात आणि मग तो गुळगुळीत रोलरांच्या दाबाखालून काढतात. खड्डे भरून जातात, पृष्ठभाग सपाट होतो. छपाई त्यावर झळाळून दिसते ती यामुळंच. पण अशा पृष्ठभागावर प्रकाश दोन कामं करतो. बहुतेक प्रकाश आत शिरून, शाई आणि कागदाचा रंग घेऊन, विखुरत बाहेर येतो. हाच आपल्याला हवा असलेला फोटो. थोडा प्रकाश मात्र आत शिरतच नाही. वरच्या वरून, आरशावरून उडावा तसा, ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडं निघून जातो. समोरून आलेल्या प्रकाशातला हा वाटा साधारण ४ टक्के असतो.

४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण पेटलेली ट्यूब ही तिच्या उजेडात पडलेल्या कागदापेक्षा शेकडो पटींनी प्रखर असते. तिच्या ४ टक्क्यांतही पानाचा पांढरा रंग फिका पडेल एवढी ताकद असते. म्हणून पट्टा.

दुसरा प्रकार जास्त फसवा असतो. पट्टा कुठंच दिसत नाही, पण सगळा फोटो ताकासारखा पांढुरका येतो. काळी शाई स्वतः फार थोडा प्रकाश परत पाठवते, तीनचार टक्क्यांच्या आसपास. त्यावर डोक्यावरच्या पांढऱ्या छताचं ४ टक्के प्रतिबिंब येऊन बसलं की काळ्याचा राखाडी होतो. पांढऱ्या भागाला याचा पत्ताही लागत नाही, तो आधीच ८० टक्क्यांच्या वर उजळलेला असतो. नुकसान होतं ते केसांचं, डोळ्यांचं, काळ्या कोटांचं, म्हणजे जुन्या फोटोत ज्यावरून माणूस ओळखायचा नेमकं त्याचं.

तर प्रश्न उजेड कमी की जास्त हा नाहीच. मोबाइलच्या जागेवरून बघितलं तर या आरशात काय दिसतंय, एवढाच प्रश्न आहे.

हे बघायची सोपी युक्ती आहे, आणि मला ती आमच्या वाचनालयातल्या तात्यांच्या दाढीच्या आरशावरून सुचली. छोटा सपाट आरसा पानावर ठेवायचा. मोबाइल ज्या उंचीवर धरायचा तिथं धरायचा आणि पडद्यावर आरशात काय दिसतं ते बघायचं. आरसा पानाच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध सरकवायचा. आरशात ट्यूब दिसली तर फोटोत पट्टा येणार. पांढरं छत दिसलं तर ताकाचा रंग येणार. काळोख दिसला तर फोटो काढायचा. तात्यांनी हे बघितलं आणि म्हणाले, "काय ग, सगळं छतच दिसायलंय की त्यात! मग फोटो कुणाचा काढायलीस, पुस्तकाचा का छताचा?" एवढ्या थोडक्यात मलासुद्धा सांगता आलं नसतं.

छताचा किती भाग?

याचं गणित शाळेतल्या भूमितीपलीकडचं नाही, आणि ते एकदा करून बघण्यासारखं आहे. ए-फोर आकाराचं पान, म्हणजे २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर लांब, टेबलावर सपाट ठेवलंय. मोबाइल बरोबर मध्यावर, ५० सेंटीमीटर उंचीवर. छत टेबलापासून २ मीटर वर. आता पानाच्या कडेवर पडणारी नजर आरशासारखी उडून छताला कुठं टेकते ते काढलं, तर छतावर १०५ सेंटीमीटर बाय १४८ सेंटीमीटरची एक चौकट तयार होते. या चौकटीत जे जे चमकत असेल ते पानावर उतरणार. चौकटीबाहेरचं काहीही उतरणार नाही, मग ते कितीही प्रखर असो. चार फुटी ट्यूब या चौकटीत आरामात मावते. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

आता तोच मोबाइल १ मीटर उंचीवर नेला आणि दुप्पट झूम केलं, तर छतावरची चौकट ६३ बाय ८९ सेंटीमीटरची उरते, म्हणजे तिचं क्षेत्रफळ जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतं. लांबून फोटो काढायचा हा फायदा फारसं कुणी सांगत नाही. मोबाइलला झूमची वेगळी लेन्स असेल तर जवळ जाऊन पानावर ओणवं होण्यापेक्षा ती वापरावी. आपली सावलीही पानावर पडत नाही.

आणखी एक गंमत या गणितातून निघते. मोबाइल ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवर ही चौकट मोजली, तर ती नेहमी पानाच्या बरोबर दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद असते. उंची ५० सेंटीमीटर असो की ८०, फरक पडत नाही. म्हणजे ए-फोर पानासाठी ४२ बाय ५९.४ सेंटीमीटरचा काळा पुठ्ठा घेतला, मधोमध लेन्सपुरतं भोक पाडलं आणि मोबाइल पडदा वर करून त्यावर ठेवला, तर आरशाची सगळी चौकट त्या एका पुठ्ठ्यानं झाकली जाते. वर छत पांढरं असो, ट्यूब असो, काचेचं कौल असो, पानाला फक्त काळा पुठ्ठा दिसतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पूर्ण आकाराचा काळा कार्डशीट यासाठी पुरून उरतो. दोन बाजूंना सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या चळती रचून त्यावर तो आडवा टाकायचा. प्रकाश पुठ्ठ्याच्या खालून, बाजूनं येऊ द्यायचा. कार्डशीट मात्र चकचकीत नको, खरखरीत बघून घ्यावा.

मी पुढं पुठ्ठाही सोडला आणि घोंगडं वापरलं. काळ्या लोकरीच्या घोंगड्याइतकी प्रकाश गिळणारी वस्तू आपल्या भागात दुसरी नाही. वाळत घालायची दोरी डोक्यावर आडवी बांधायची आणि घोंगडं तिच्यावर, आणखी एका समांतर दोरीवर, मांडवासारखं पसरायचं. स्टँड विकत आणला नाही तरी चालतं, पण काळा मांडव हवाच. त्याच कारणासाठी अंगात पांढरा सदरा किंवा फिकट साडी नसावी, आणि बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवावं. पुढं झुकलेला माणूससुद्धा त्या चौकटीत येतोच.

मऊ उजेडाचा गैरसमज

माणसांचे फोटो काढणारे सांगतात, उजेड मऊ हवा, ढगाळ दिवस उत्तम. चेहऱ्यासाठी ते खरंच आहे. म्हणून गुळगुळीत पानासाठीही लोक दिव्यावर बटर पेपर लावतात किंवा जूनजुलैच्या ढगाळ दुपारी पुस्तक घेऊन अंगणात येतात. इथं नेमकं उलटं होतं. ढगाळ आभाळ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला एकच दिवा. आरशाला कुठंही वळवा, त्यात आभाळच दिसणार. पट्टा येत नाही, पण सगळ्या पानावर पांढरी झिलई बसते आणि काळा रंग मरतो. उलट बाजूला ठेवलेला छोटा, उघडा बल्ब कडक वाटतो खरा, पण तो चौकटीबाहेर असेल तर सपाट पानावर त्याची एक तिरीपही उतरत नाही. आपण टिपतोय ते सपाट कागदावरची शाई, तिला नाकाची सावली पडायची भीती नाही.

अंगणातच काढायचा असेल तर डोक्यावर काळी छत्री धरून बाजूचा उजेड आत घ्यावा. त्याहून चांगली जागा मात्र घरात आहे.

आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांना सोपा, म्हणजे पुढची पडवी, असतो आणि त्याच्या आत माजघर. माजघरात दिवसाही अंधार. नव्या घरात राहायला गेलेल्यांना तो अंधार नको असतो, पण या कामाला त्याच्यासारखी जागा नाही. सोप्याच्या दारात किंवा खिडकीशी टेबल ठेवलं की उजेड एका बाजूनं येतो आणि वर काळवंडलेली वासे-कौलं असतात, पांढरं छत नसतं. वर काचेचं कौल असेल तर तेवढं बघून घ्यायचं, कारण तो आभाळाचा चौकोनी तुकडाच असतो. सुट्टा फोटो किंवा एकेरी कागद असेल तर तो फळीला टाचून उभा करावा. त्याचं तोंड अंधाऱ्या माजघराकडं, दार त्याच्या बाजूला, आणि आपण माजघरात उभं राहून फोटो काढायचा. पानाच्या समोर फक्त काळोख राहतो.

खिडकी उत्तरेची घ्यावी असं छायाचित्रणात नेहमी सांगतात, कारण तिथून ऊन थेट आत येत नाही. बेळगाव मात्र १६ अंश अक्षांशाच्या जरा खाली आहे. त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळीही उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन येतं. मे महिन्यात सुट्टी असते म्हणून नेमकं तेव्हाच हे काम काढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. थेट ऊन पानावर आलं तर दोन तास थांबावं, किंवा दक्षिणेची बाजू बघावी.

उजेड पानाच्या पातळीपासून साधारण ४५ अंशांवरून यावा. टेबलापासून १ मीटर बाजूला आणि १ मीटर वर दिवा असला की तो कोन आपोआप साधतो आणि तो चौकटीच्या पुष्कळ बाहेरही राहतो. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंना असतील तर पान सगळीकडं सारखं उजळतं. एकच खिडकी असेल तर समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करावा. आणि एक गोष्ट सक्तीची: खिडकीचा उजेड घेतला की घरातले दिवे बंद. चमक टळतेच, शिवाय अर्धं पान पिवळं आणि अर्धं निळं असा प्रकारही होत नाही. मोबाइलचा फ्लॅश तर पहिल्यांदा बंद करावा. तो लेन्सला चिकटूनच असतो, म्हणजे तो कायम चौकटीच्या मधोमध.

बांधणीजवळची घळ

इथवर सगळं सपाट पानाचं झालं. पुस्तक सपाट नसतं. उघडल्यावर पान बांधणीकडं वळत खाली जातं, आणि तिथल्या घळीत एक उभी चमकती रेघ येते. बाजूचे दिवे कितीही नीट लावले तरी ती येते, आणि यावर मी जितके दिवस घालवले तितके कशावरच नाहीत.

कारण असं: आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकतं. घळीजवळ पान २०-२५ अंश कललेलं असतं, म्हणजे तिथल्या पानाला ४०-५० अंशांवरचं दिसतं. आणि आपला दिवा कुठं ठेवलाय? बरोबर ४५ अंशांवर! सपाट भागासाठी जी जागा निर्धोक, तीच घळीसाठी सर्वांत वाईट.

उपाय दिवा हलवायचा नाही, पुस्तक फिरवायचा. पान वळतं ते एकाच दिशेनं, डावीकडं-उजवीकडं. बांधणीच्या रेषेत, म्हणजे पुस्तकाच्या डोक्याकडून पायाकडं, ते वळत नाही. तेव्हा पुस्तकाचं डोकं खिडकीकडं करायचं, उजेड बांधणीच्या रेषेतून येऊ द्यायचा. घळीतलं पान कितीही कललं तरी ते बाजूंकडंच बघतं, आणि बाजूंना आता अंधार आहे. रेघ नाहीशी होते. वरून घळीत पडणारी काळी सावलीसुद्धा जाते, कारण आता उजेड घळीच्या लांबीनं आत शिरतो. दोन दिवे असतील तर एक डोक्याकडं, एक पायाकडं. एवढ्या साध्या बदलानं माझं निम्मं काम झालं, आणि हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ती १४० पानं पुन्हा काढावी लागली नसती.

पुस्तक १८० अंशांत दाबून उघडू नये. जुन्या स्मरणिका डिंकानं किंवा तारेनं बांधलेल्या असतात, त्या कडकन मोडतात. दोन उशा किंवा पुस्तकांच्या चळती टेकवून १०० अंशांच्या आसपास उघडून ठेवावं, ज्या पानाचा फोटो त्याच्या बरोबर समोर मोबाइल धरावा, आणि आधी सगळी उजवीकडची पानं, मग सगळी डावीकडची काढावी. अर्धवट उघड्या पुस्तकात समोरचं पांढरं पानही आरशात दिसू शकतं. फोटो काढायच्या वेळी त्यावर काळा कागद टाकावा.

वर काच ठेवून पान सपाट करणं हाही मार्ग आहे. लोक काचेला घाबरतात, काच स्वतःच चमकते म्हणून. पण काच हा पूर्ण सपाट आरसा असतो आणि सपाट आरशाला काबूत कसं ठेवायचं ते आपल्याला आता माहीत आहे: वर काळा पुठ्ठा, बाजूनं उजेड. पावसाळ्यानंतर पानं लाटालाटांनी वाकडी होतात तेव्हा तर काचेशिवाय गत्यंतर नसतं, कारण लाटा दोन्ही दिशांना असतात आणि पुस्तक फिरवायची युक्ती तिथं चालत नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या दमट घरांत हा त्रास जास्त, अथणी-रायबागकडं पाऊस कमी म्हणून कागद जरा बरा राहतो. आमच्याकडं हे काम फेब्रुवारी-मार्चात करावं. हवा कोरडी झालेली असते आणि पान आपणहून सरळ होतं.

लॅमिनेशन आणि पोलरायझर

दाखले, गुणपत्रिका, लग्नातले फोटो आपण हौसेनं लॅमिनेट करून ठेवतो. प्लॅस्टिकच्या त्या थरात बुडबुडे आणि सुरकुत्या असतात, आणि प्रत्येक सुरकुती वेगळ्या दिशेला बघणारा छोटा आरसा असते. अशा वेळी कोनाचं गणित अपुरं पडतं आणि पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणारी खास काच, कामी येतो.

प्रकाश ही लहर आहे आणि ती पुढं जाताना आडवी, उभी, तिरकी अशी सगळ्या दिशांना हेलकावते. खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी ओवून हलवली तर फक्त उभा हेलकावा पलीकडं जातो, आडवा गजांवर आपटून थांबतो. पोलरायझर म्हणजे प्रकाशासाठीचे गज. १८०८ साली पॅरिसमध्ये एटिएन-लुई मालू हा शास्त्रज्ञ लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून उडून आलेलं मावळतीचं ऊन एका स्फटिकातून बघत होता. स्फटिक फिरवला की प्रतिबिंब मंद होतं असं त्याला दिसलं. ठरावीक कोनात परावर्तित झालेला प्रकाश एकाच दिशेनं हेलकावतो हे त्यातून कळलं. पुढं १८१५ साली डेव्हिड ब्रूस्टरनं तो कोन मोजून सांगितला. काच किंवा तसल्या चकचकीत पृष्ठभागासाठी तो उभ्या रेषेपासून साधारण ५६ अंश येतो. त्या कोनात उडालेली चमक पूर्णपणे एका दिशेची असते, म्हणून पोलरायझर फिरवून ती जवळजवळ पुसता येते.

यातली मेख दुकानदार सांगत नाही. आपण पानाच्या बरोबर वरून फोटो काढतो. सरळ वरून दिसणारी चमक एका दिशेची नसतेच. म्हणून नुसता लेन्सवर पोलरायझर लावला तर फोटो फक्त काळपट होतो, चमक तशीच. तिरकं उभं राहून काढला तर उपयोग होतो, मग पान समलंब दिसतं आणि स्कॅनर ॲपमधून ते सरळ करून घ्यावं लागतं.

वरूनच काढायचा असेल तर दिव्यावरही पोलरायझरची फिल्म लावावी लागते. दिव्याचा प्रकाश आधीच एका दिशेचा करायचा आणि लेन्सवरचे गज त्याच्या काटकोनात ठेवायचे. पानाच्या वरच्या वरून उडालेला प्रकाश आपली दिशा सोडत नाही, तो गजांवर अडतो. आत शिरून विखुरलेला प्रकाश दिशा विसरतो, तो पलीकडं जातो. म्हणजे चमक गेली आणि शाईचा रंग तेवढा आला. संग्रहालयांत वार्निश लावलेल्या तैलचित्रांसाठी हीच पद्धत वापरतात. उजेड मात्र बराच खाल्ला जातो, मोबाइल हातात धरून चालत नाही. काही लॅमिनेशनच्या फिल्म स्वतःच प्रकाशाची दिशा फिरवतात, त्यांच्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात. तसं झालं तर तो कागद नुसत्या कोनानंच टिपावा.

खर्च न करता हे अनुभवायचं असेल तर पोलराइज्ड गॉगल लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत काच काळी होते. एलसीडी पडद्याचा उजेड मुळातच एका दिशेचा असतो. रात्री दिवे घालवून पडदा पूर्ण पांढरा करा, लॅपटॉप बाजूला ठेवा, गॉगलची काच मोबाइलच्या लेन्ससमोर धरा आणि फिरवत फिरवत पानाकडं बघा. सुरकुतलेल्या दाखल्यावरची चमक डोळ्यांदेखत विझते. माझ्या भाच्यानं हे बघून अर्धा तास घरातली प्रत्येक चकचकीत वस्तू त्या उजेडात धरली होती.

थोडं मोबाइलबद्दल

मोबाइलच्या सेटिंगचं महत्त्व मला फार वाटत नाही. उजेड जागेवर असेल तर साधा मोबाइलही चांगलं पान टिपतो. तीन सेकंदांचा टायमर लावावा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. पानावर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करावा, नाहीतर प्रत्येक पान वेगळ्या रंगाचं येतं. एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे पट्टे आले तर तो चमकेचा दोष नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवला की पट्टे जातात.

गुगलच्या फोटोस्कॅनसारखी ॲप एकाच फोटोच्या पाच प्रती वेगवेगळ्या जागांवरून घेतात. मोबाइल हलला की चमकही हलते, मग प्रत्येक प्रतीतला स्वच्छ भाग उचलून एक फोटो जुळवला जातो. अल्बममधल्या फोटोंसाठी हे छान आहे. बारीक अक्षरांच्या पानाला मात्र मी ते वापरत नाही, जोडकामात वेलांट्या आणि अनुस्वार पुसट होतात. सपाट स्कॅनरचं उलटं आहे. त्याचा दिवा मुळातच तिरका बसवलेला असतो, म्हणून चमक येत नाही. पण पातळ, स्वस्त स्कॅनर काचेपासून जरा वर उचललेला भाग धूसर टिपतो, म्हणजे घळीतली अक्षरं गेली. शिवाय त्यासाठी पुस्तक पालथं दाबावं लागतं, ते जुन्या बांधणीला सोसत नाही.

ती स्मरणिका मी परवाच्या फेब्रुवारीत पुन्हा काढली. वाचनालयाच्या ट्यूब बंद, पुस्तकाचं डोकं दाराकडं, वर तात्यांच्या घरचं घोंगडं. दर दहा पानांनंतर एक फोटो मोठा करून चारही कोपरे बघितले. दोन दुपारी लागल्या.

एक गोष्ट घाईत करू नये. ओल लागलेल्या आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात, कारण त्यावरचा लेप ओला होऊन सुटतो आणि वाळताना शेजारच्या पानाला धरतो. अशी पानं ओढली तर छपाईसकट लेप निघून येतो. ती नखानं, सुरीनं किंवा वाफ देऊन सोडवू नयेत. तेवढ्या जोडीत साध्या कागदाची चिठ्ठी घालून ठेवावी, वहीत पानाचा आकडा लिहावा, आणि पुढचं पान उघडावं.